पट्टीवरचे शून्य

जुलै महिन्यात कोल्हापुरातल्या घरात, दुकानात किंवा रिक्षात दिवसाची सुरुवात एका आकड्याने होते. राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर पंचगंगेची पातळी किती फूट आणि किती इंच झाली, जिल्ह्यातले किती बंधारे पाण्याखाली गेले आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, याची चौकशी झाल्याशिवाय इथे दुसऱ्या विषयावर बोलणे सुरू होत नाही. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे शाळेत न जाणाऱ्या मुलालाही पाठ असते. मी शहरातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुले नदीकाठच्या आणि जयंती नाल्याकाठच्या वस्त्यांतून येतात, त्यामुळे सामान कधी बांधायला घ्यायचे हे त्यांच्या घरी या आकड्यावरूनच ठरते.

ज्या दिवसाविषयी लिहीत आहे त्या दिवशी आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास होता. या परीक्षेचे आमच्या जिल्ह्यात किती प्रस्थ आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे फलक चौकाचौकात लागतात, आणि त्यासाठी सुट्टीच्या दिवशीही वर्ग भरवणारे शिक्षक गावोगावी आहेत. एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. चार पर्याय, गोल रंगवायचा, पुढे जायचे. या सरावाने मुलांच्या हाताला गती येते आणि आकडेमोड पक्की होते, हे मी नाकारत नाही. परंतु त्याबरोबर एक समजूतही मुरत जाते, ती अशी की प्रश्न नेहमी दुसऱ्या कोणीतरी काढलेला असतो आणि उत्तर समोरच्या चारांपैकीच एखादे असते. ही समजूत मोडणे हे माझ्या कामाचा भाग आहे असे मी नोकरीच्या सुरुवातीपासून मानत आले, पण ते वर्गात नेमके कसे घडते हे त्या दिवसाइतके स्पष्ट मला पूर्वी कधी दिसले नव्हते.

पाऊस इतका होता की वर्गात जेमतेम निम्मी मुले होती. दशांश अपूर्णांकांवरची सरावाची उदाहरणे फळ्यावर लिहून होत होती, तेवढ्यात सुतारवाड्यातून येणारी एक मुलगी उभी राहिली. पूर वाढू लागला की शहरात ज्या वस्त्यांना सर्वांत आधी घर सोडावे लागते, त्यांपैकी ही एक. ती म्हणाली, "मॅडम, एकोणचाळीस फूट म्हणतात, ते मोजायचं कुठनं? शून्य कुठं असतंय?"

उत्तर मला ठाऊक होते आणि ते एका वाक्यात सांगता आले असते. वर्ग ते वाक्य वहीत उतरवून घेऊन पुन्हा उदाहरणांकडे वळला असता, आणि तसे होऊ न देण्याचे मी ठरवले. मुलाच्या प्रश्नाला तत्काळ उत्तर देणे हे आपल्याकडे चांगल्या शिक्षकाचे लक्षण समजले जाते. मला मात्र असे वाटते की जे उत्तर मुलाला स्वतः पडताळून पाहता येण्यासारखे आहे, ते शिक्षकाने शक्य तितके लांबवावे आणि पडताळण्याची साधने तेवढी पुरवावीत. सगळ्याच प्रश्नांना हे लागू होत नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ किंवा सनावळी विचारणाऱ्या मुलाला ताटकळत ठेवण्यात काही शहाणपण नाही. हा प्रश्न तसा नव्हता. तो रोज ऐकल्या जाणाऱ्या आकड्याच्या मुळाशी जात होता, आणि जिने विचारला तिला त्याची निकड होती.

मी खडू खाली ठेवला आणि वर्गालाच विचारले. "नदीच्या बुडापासनं," पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आले. त्यावर मागून दुसरा म्हणाला, "बूड काय सपाट असतंय व्हय? आणि दरवर्षी गाळ येतोय, मग शून्य पण वर सरकत जाणार काय?" हा आक्षेप इतका बिनतोड होता की पहिल्याने आपले म्हणणे तिथेच सोडून दिले. एकाने समुद्रसपाटी सुचवली. तेव्हा ज्याचे आजोळ गगनबावड्याकडे आहे त्या मुलाने घाट उतरून कोकणात जायला किती वेळ लागतो याचे वर्णन केले आणि कोल्हापूर समुद्राच्या फक्त एकोणचाळीस फूट वर कसे असेल, असे विचारून सगळ्यांना हसवले. कोणीतरी बंधाऱ्याचा पाया म्हणाले. ते खरे की खोटे हे वर्गात बसून ठरवता येत नव्हते, म्हणून तो पर्याय तसाच राहिला.

मग मी माझ्या फोनवर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे त्या सकाळचे पत्रक उघडले. त्यात पातळी फुटांत दिलेली असते आणि शेजारी कंसात तीच मीटरमध्ये असते. हा कंस बहुतेक लोक वाचत नाहीत. मी काहीही न बोलता तीन ओळी फळ्यावर उतरवल्या: इशारा पातळी ३९ फूट (५४२.०७ मीटर), धोका पातळी ४३ फूट (५४३.२९ मीटर), आणि त्या सकाळची पातळी ३५ फूट ९ इंच (५४१.०८ मीटर). एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, एवढीच भर मी घातली.

थोड्या वेळाने कुजबुज सुरू झाली. ३९ फुटांचे मीटर जेमतेम बारा होतात, मग हे पाचशे बेचाळीस कुठले? घाटाचे वर्णन करणाऱ्या मुलानेच ते समुद्रसपाटीपासूनचे असणार असे सांगितले, आणि पुढचे काम वर्गाने माझ्याशिवाय केले. ३९ ला ०.३०४८ ने गुणून ११.८९ आले, ते ५४२.०७ मधून वजा करून ५३०.१८ उरले. म्हणजे पट्टीवरचे शून्य समुद्रसपाटीपासून ५३०.१८ मीटर उंचीवर. उत्तर मिळाले म्हणून पुष्कळांनी वह्या मिटल्या. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने मात्र वही मिटली नाही. ती म्हणाली, ४३ वरूनही तेवढेच यायला पाहिजे. ४३ चे १३.११ मीटर झाले, वजाबाकी पुन्हा ५३०.१८ आली, आणि वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन पाहून गेले. आपले उत्तर दुसऱ्या वाटेने तपासून पाहावे, हे तिला त्या वेळी कोणी सांगितलेले नव्हते. मी अनेक वर्षे "ताळा करा" असे सांगत आले आहे, आणि मुले तो गुणांसाठी करत आली आहेत.

तिसऱ्या आकड्याने घोटाळा केला. बहुतेकांनी ३५ फूट ९ इंच म्हणजे ३५.९ असे धरले आणि शून्य ५३०.१४ वर आले. चार सेंटिमीटरचा फरक. सगळ्यांचे उत्तर सारखेच आल्यामुळे चूक आपली असेल असे कोणाच्या मनात येईना, आणि पत्रकातच छापताना गफलत झाली असावी असा निष्कर्ष काढून वर्ग मोकळा झाला. मी गप्प राहिले. शिक्षकाला वर्गात सर्वांत कठीण जाणारी गोष्ट कोणती असेल तर ती हीच. अखेर मधल्या रांगेतल्या एकाने कंपासपेटीतली पट्टी काढून इंच मोजले आणि फूट बारा इंचांचा असतो, दहाचा नव्हे, हे जाहीर केले. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट. ३५.७५ धरल्यावर १०.९० मीटर आले आणि शून्य पुन्हा ५३०.१८ वर गेले. दशांश चिन्हानंतरचा अंक म्हणजे दहावा भाग, हे मी त्या वर्गाला कितीदा शिकवले होते; त्याचा अर्थ त्यांना त्या चार सेंटिमीटरांनी शिकवला.

त्यानंतर सरावाची उदाहरणे होणे शक्यच नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले होते आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फूट ३ इंचांवर. दोन्ही महापूर या मुलांनी लहानपणी पाहिलेले. दोन्हींत आठ इंचांचा फरक निघाला, तेव्हा ती मुलगी म्हणाली की त्यांच्या भिंतीवर दोन पुरांचे दोन डाग आहेत आणि आजी "दुसरा वीतभर वर" असे सांगते. तिने स्वतःची वीत पट्टीवर मोजून पाहिली. मग घरातली फरशी पट्टीवरच्या कोणत्या आकड्याला येते ते त्या डागावरून मागे मोजून काढता येईल, हेही तिने सांगितले आणि संध्याकाळी मोजून आणायचे ठरवले. यात एक अडचण होती. राजाराम बंधारा कसबा बावड्याजवळ, शहराच्या खालच्या अंगाला आहे, आणि वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट नसतो, त्यामुळे तिच्या घराजवळचे पाणी बंधाऱ्यावरच्या पाण्याइतक्याच उंचीवर असेल असे नाही. ही शंका मी बोलून दाखवली आणि तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शाळांना सुट्टी जाहीर झाली, आणि सुतारवाड्यातली कुटुंबे निवारा केंद्रात हलली. मोजमाप राहून गेले.

शाळा पुन्हा भरली तेव्हा एक पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत वाट पाहत बसले होते. जादा तासाला पेपर सोडवून घेण्याऐवजी पुराच्या गप्पा झाल्या, अशी त्यांची तक्रार होती. ते सभ्यपणे बोलले. "मॅडम, पुराचं आम्ही बघून घेतो, तुम्ही पेपरचं बघा." त्यांना खोडून काढणे सोपे होते, पण न्यायाचे नव्हते. मुलगा शिष्यवृत्तीत आला तर पुढची वाट थोडी सुकर होईल, असा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नाही. याच संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवावा लागला होता. आज त्याच कोल्हापुरात पालक शाळेने आणखी काम करावे म्हणून भांडायला येतात, याचा मला मनापासून आनंदच आहे.

मी त्यांना त्या दिवसाची फळ्यावरची आकडेमोड दाखवली, कारण ती एका मुलाने वहीत जशीच्या तशी उतरवली होती. अपूर्णांकांचा गुणाकार, एककांचे रूपांतर, आसन्न किंमत, सगळे त्यात होते. सरावाचे महत्त्व मला त्यांना पटवून द्यायचे नव्हते, आणि नाकारायचेही नव्हते. ०.३०४८ ने गुणताना ज्या मुलांचे हात अडले नाहीत, त्यांचेच लक्ष शून्यावर राहिले. ज्यांचे पाढे कच्चे होते ती गुणाकारातच दमली आणि गलका झाला तेव्हा तो कशाचा हे शेजाऱ्याला विचारत होती. अनुभवातून शिक्षण आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः घडवते हा विचार, यांवर प्रशिक्षणांत बोलणारे लोक ही बाजू सांगत नाहीत. पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांशी माझे त्यामुळेच जमत नाही, आणि पाठांतरावर थांबणाऱ्यांशीही नाही.

मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास वर्गाने स्वतः आणलेल्या प्रश्नासाठी ठेवायचा आणि बाकीचे जादा तास ठरल्याप्रमाणे घ्यायचे. पहिल्या शनिवारी राधानगरीचा एक दरवाजा उघडला की सुटणाऱ्या १४२८ क्युसेकचे, म्हणजे सेकंदाला तेवढ्या घनफूट पाण्याचे, लिटर केले. ते सेकंदाला चाळीस हजारांवर गेले. पुढच्या एका शनिवारी ती मुलगी फरशीपासून दोन्ही डागांपर्यंतची उंची मोजून घेऊन आली. दोन डागांतले अंतर आठ इंच भरले नाही, सात भरले, आणि त्या एका इंचावर पूर्ण तास गेला.

परीक्षा झाल्यावर त्याच पालकांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, शून्याचा तो प्रश्न पेपरात आला होता का. मी नाही म्हणाले. मग त्यांनी विचारले की धाकटी यंदा सहावीत गेली आहे, तिला शनिवारच्या तासाला बसवून घ्याल का.