वर एक धार

आमच्या बाबांची स्कूटर म्हणजे १९९६ची चेतक. आधी एका अंगावर कलती करायची, मग दोन किका रिकाम्या, तिसरीला देवाचं नाव. श्रावणात तिची पीयूसी संपली आणि फोंड्यात तपासायला नेली तर चक्क नापास.

मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत माफ असतं. एवढी सूट असून आमची हायड्रोकार्बनात गचकली. बाबा निवृत्त मास्तर. काठावरची पोरं ढकलून पास करण्यात हयात गेलेली. जास्त पडले म्हणून नापास, हा हिशेब त्यांना काही केल्या पटेना.

गंमत म्हणजे मागे उडणारा निळा धूर त्या यंत्राच्या खिजगणतीतच नाही. तो ऑइलचा. यंत्र मोजतं ते न दिसणारं. टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर काढायला आत येणारं ताजं मिश्रणच रेटा देतं, आणि त्या रेट्यात थोडं पेट्रोल न जळताच सटकतं. तेच हे हायड्रोकार्बन. पहिली पंगत उठवताना दुसऱ्या पंगतीतले चौघे उपाशीच मांडवाबाहेर जावेत, तसं.

मेकॅनिकने सायलेन्सर उतरवून जाळला. आतली काजळी करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून आली. प्लगचं टोक काळंकुट्ट, ओलं. "पेट्रोलात ऑइल किती घालतां?"

"लिटरला वीस मिली," बाबा म्हणाले. मी गप्प. मापाने वीस घालतात हे खरं, पण वर एक धार असतेच. इंजिन कोरडं पडू नये म्हणून.

प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला. कार्बोरेटरचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत तो बराच वेळ नुसता आवाज ऐकत बसला. मग म्हणाला, फर्मागुडी चढवा, इंजिन तापू दे, आणि बंद न करता तशीच तपासणीला उभी करा. "आतां वचात, बेगीन."

फर्मागुडी चढलो, आणि मागून बाबांना म्हार्दोळची जाई आठवली. झालं! तिथं मी ॲक्सिलरेटर धरून उभा, बाबा फुलांचा भाव करताहेत, जाईच्या वासात आमचा धूर. फुलवाली पदराने वारा घेत म्हणाली, "बंद कर रे पुता!"

"नको हो," बाबा म्हणाले, "परीक्षेला निघालीय ती."

३.६ टक्के आणि ७४०० पीपीएम. सहा महिन्यांचा दाखला मिळाला. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली आणि जाईच्या पुडीशेजारी डिकीत ठेवला.

परतताना पंपावर दोन लिटर पेट्रोल घेतलं. ऑइलचं माप मी वाकून पाहिलं, बरोबर चाळिसाच्या रेघेवर. झाकण लावायच्या आधी बाबांचा हात पुन्हा बाटलीकडे गेला, तेव्हा मी मान वळवून सुटे पैसे शोधायला लागलो.