टचवूड!

"दोन वर्षं झाली, गुडघ्याची कुरकुर म्हणून नाही बघ," मावशी म्हणाली आणि लगेच तिचा हात काहीतरी चाचपायला लागला. टीपॉय काचेचा, खुर्ची प्लास्टिकची, सोफ्याला रेक्झिन. शेवटी ती उठली (उठताना गुडघा कटकन वाजला, तो दोघांनीही ऐकला नाही), स्वयंपाकघरात जाऊन पोळपाटाला हात लावून आली आणि मगच म्हणाली, "टचवूड!"

इंग्रजी वाक्प्रचार पुष्कळ आले, पण आपल्या घरात असा हातपाय पसरून बसलेला हाच. बरेच जण तर लाकूड शोधायच्या फंदातही पडत नाहीत. नुसतं 'टचवूड हं' म्हटलं की काम झालं. अमेरिकेत हात लावून भागत नाही, टकटक करावी लागते. इटलीत लाकडाऐवजी लोखंडाला हात लावतात. म्हणजे मावशीला तिथे तवा चालला असता.

झाडांत देव राहतात म्हणून पूर्वीचे लोक लाकडाला स्पर्श करायचे, अशी एक गोष्ट सगळीकडे फिरते. गोष्ट सुरेख आहे, पुरावा मात्र नाही. मला त्यापेक्षा एक खेळ पटतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली पोरं 'टिगी टचवूड' नावाची पकडापकडी खेळायची. लाकडाला हात लावून उभं राहिलं की राज्य असलेल्याला तुम्हाला बाद करता येत नाही. आपल्या डोंगर-पाणीचाच भाऊबंद. तसं पाहिलं तर नशिबावर राज्य आहे आणि मावशी पोळपाट धरून उभी आहे!

आपल्याकडे याच भीतीला दृष्ट म्हणतात, आणि तिचा बंदोबस्त जास्त खमंग. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकायच्या. ठसका लागला नाही, तर दृष्ट जबरदस्त होती म्हणायचं. वाईट बोलायचीही सोय नाही, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. चांगलं बोलावं तर दृष्ट, वाईट बोलावं तर तथास्तु. माणसाने हवापाण्यावरच बोलावं!

माझी स्वतःची अडचण वेगळीच आहे. माझं लिहायचं टेबल एमडीएफचं, वर सनमायका. आठ वर्षांत स्कूटरने दगा दिला नाही, असं परवा बोलून गेलो आणि हात टेबलावरच थबकला. हे धरायचं की नाही? कपाटाचं दार बसवायला आलेल्या सुतारालाच विचारलं.

"लाकूडच की साहेब," तो म्हणाला, "फक्त दळलेलं."