२५ वॅटचा मोह

आमच्या हॅम रेडिओ (हौशी बिनतारी) क्लबच्या कपाटात धूळ खात पडलेला, क्रिस्टलवर फ्रिक्वेन्सी ठरणारा जुना व्हीएचएफ वायरलेस सेट रिपीटरसाठी (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं लगेच दुसरीवर पुन्हा सोडणारं यंत्र) घरी आणला, तेव्हा दोन रविवारांत उरकेल असं वाटलं होतं. पावसाळा लागला तरी तो टेबलावरच.

आमचा रिपीटर १४५.१०० मेगाहर्ट्झवर ऐकणार आणि १४५.७०० वर बोलणार. या सेटमध्ये क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी १२ पट होते, म्हणून १२.१४१६६७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल कापून घेतला. तो बसवला आणि घाई नडली: मधल्या स्टेज सोडून थेट फायनलचे, म्हणजे शेवटच्या पॉवर स्टेजचे, ट्रिमर (जुळवणीचे छोटे कपॅसिटर) पिळले. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) वॅटमीटर २५ ला टेकला. मी खूश!

डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारा फिल्टर) जोडला आणि रिसीव्हर ठार बहिरा. गल्लीच्या टोकावरून मित्र हातातल्या हँडी सेटवर बोलतोय, इथे नुसती खरखर. ट्रान्समीटर बंद केला की तोच आवाज स्वच्छ. डुप्लेक्सर बिघडला म्हणून आठवडाभर त्यालाच छळलं.

क्लबमधल्या काकांनी सेट उघडा पाहून विचारलं, "सुरुवात कुठून केलीस?" मी फायनलकडे बोट दाखवलं. ते हसले. "अरे, डमी लोड सगळीकडेच ५० ओहम. डुप्लेक्सर फक्त आपल्या फ्रिक्वेन्सीवर. बाकी ठिकाणी फायनलला काय दिसतं, देव जाणे. मग ते स्वतःच ओरडायला लागतं, भलत्याच फ्रिक्वेन्सीवर सिग्नल सोडतं."

पुन्हा क्रिस्टलपासून निघालो. टेस्ट पॉइंटवर मीटर लावून एकेक मल्टिप्लायर (फ्रिक्वेन्सी पटीत वाढवणारी स्टेज) पीकवर आणला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर कॉइलमध्ये असेपर्यंत रीडिंग छान, बाहेर काढला की खाली, कारण लोखंडच कॉइल बदलत होतं! शेवटी आईची विणकामाची प्लास्टिकची सुई घासून चपटी केली. एका कॉइलचा कोअर (आतला फिरवायचा गाभा) मेणात घट्ट बसला होता. जोर लावला असता तर तुटलाच असता. हेअर ड्रायरने ऊब दिली, मग हलला.

पॉवर १२ वॅटवर आणली. गाडीतला सेट मिनिटभर बोलून गप्प बसतो, रिपीटरला तासन्‌तास बोलावं लागतं. २५ वर हीटसिंकला पाच मिनिटांत हात लावता येईना. फायनल ते डुप्लेक्सर केबल वीतभर लांब केली, तसा फायनलला दिसणारा लोड बदलला आणि खरखर गेली. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा मागे बांधून अर्धा तास सलग कॅरिअर (आवाजाशिवाय नुसता सिग्नल) सोडला. काटा १२ वरून हलला नाही. क्रिस्टल मात्र तापून जरा सरकला होता, म्हणून त्याचा ट्रिमर सेट गरम असतानाच लावला.

आईला नवी सुई आणून द्यायची आहे.