बाप्पाचं मॅग्नेट आणि पहिली एमजीबी

इथे इंग्लंडमध्ये आल्यापासूनचं खूळ, शेवटी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकत घ्यायला म्हणून बघायला गेलोच, १९७२ ची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, क्रोम बंपरवाली (१९७४ नंतरचे काळे रबरी बंपर मला बघवत नाहीत). जाताना फ्रीजवरचं बाप्पाचं मॅग्नेट रुमालात गुंडाळून खिशात टाकलं, बायको हसली. १७९८ सीसीचं इंजिन एका फटक्यात चालू, खाली थोडं ऑइल गळत होतं, तेवढं चालतंच. पण ह्या गाडीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, बराचसा भार दाराखालच्या सिलवर, आणि तिथेच मॅग्नेट चिकटेना, सर्रकन घसरून खाली. म्हणजे आत गंज, वरून लांबी (पुट्टी) भरलेली, तिला मॅग्नेट कसं चिकटणार! मालक म्हणे नुकतीच रंगवलीये. हो, तेच तर. दारही लावताना मागे घासत होतं. आलो परत. शनिवारी दुसरी बघायचीये.