टाफेलमधली मंगळवारची सकाळ

स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहायला येऊन मला आठ महिने झाले होते आणि जर्मनची बी-1 ही मधल्या पातळीची परीक्षाही पार पडली होती, तरी शेजाऱ्यांशी माझे बोलणे ‘ग्र्यूस गॉट’ या नमस्काराच्या पुढे सरकत नव्हते. म्हणून आठवड्यातली एक सकाळ गावातल्या टाफेलला द्यायचे ठरवले. टाफेल म्हणजे जेवणासाठी मांडलेले मेज. दुकानांत न विकले गेलेले, पण खाण्याजोगे अन्न गोळा करून ते गरजूंपर्यंत पोहोचवणारी पहिली टाफेल 1993 साली बर्लिनमध्ये सुरू झाली. आज देशभरात त्या नऊशेहून अधिक आहेत.

जाऊन उभे राहिले की काम सुरू होईल, ही माझी समजूत पहिल्याच भेटीत दूर झाली. आधी अर्ज, मग ‘श्नुपरटाग’, म्हणजे शब्दशः वास घेण्याचा दिवस: आपण कामाला आणि काम आपल्याला मानवते का, हे पाहायचे. त्यानंतर आरोग्य कार्यालयाचे प्रमाणपत्र. उघडे अन्न हाताळणाऱ्याला संसर्ग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे एक पाठ ऐकावा लागतो, मग काम बिनपगारी का असेना. जुलाब, कावीळ, हातावरची पिकलेली जखम यांपैकी काही असेल तर कामावर यायचे नाही, हे मी तासभर ऐकले, सही केली, प्रमाणपत्र घेतले आणि चार महिन्यांसाठी पुण्याला निघून गेले. परतल्यावर कळले की, पहिल्यांदा काम सुरू करताना ते तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. तोच पाठ पुन्हा ऐकला. एकदा कामाला लागले की मात्र दर दोन वर्षांनी संस्थाच उजळणी घेते.

पहिले काम निवडण्याचे होते. जाळीच्या पिशवीतले एक संत्रे बुरसले की दुकान पूर्ण पिशवी बाजूला काढते. आम्ही ती कापायची, बुरसलेले टाकायचे, उरलेली पुसून क्रेटमध्ये मांडायची. तारखांचेही दोन प्रकार असतात. ‘किमान अमुक तारखेपर्यंत टिकेल’ अशी तारीख उलटलेले दही उघडून, वास घेऊन, तपासून देता येते. ‘अमुक तारखेपर्यंत संपवावे’ असे छापलेला खिमा मात्र त्या तारखेनंतर कोणालाही द्यायचा नाही. क्लासात पावाला ‘ब्रोटशन’ म्हणायला शिकले होते. इथे सगळे त्याला ‘वेकले’ म्हणत. पहिला महिना मी नुसती मान हलवून काढला.

आमची टाफेल दुकानासारखी चालते. उत्पन्न कमी असल्याचा कागद दाखवून कार्ड काढलेले लोक टोपली घेऊन स्वतः निवडतात आणि अगदी थोडे पैसे देतात. त्यांना ‘ग्राहक’च म्हणायचे. सहकारी पहिल्या दिवसापासून एकमेकांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणत होते, त्यामुळे माझ्या जिभेला तेच वळण लागले आणि एका आजोबांना मी सरळ ‘डू’ म्हणून मोकळी झाले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हळू आवाजात विचारले, “बेकरीत कोणी तुला असे म्हणाले असते का?” अरे-तुरेचा फरक आईच्या दुधाबरोबर शिकलेल्या मला हे दुसऱ्याने सांगावे लागले, याची लाज अजून गेलेली नाही. मी “झी”, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणत माफी मागितली. आजोबांनी मान डोलावली आणि बटाटे कोणत्या क्रेटमध्ये आहेत, तेवढे विचारले.

त्याच बाईंशी माझी पुढे गट्टी जमली, ती नवलकोलामुळे. इकडे नवलकोल भरपूर असतो, पण पाला तोडून टाकून देतात. आम्ही त्याची पीठ पेरून भाजी करतो, असे मी सांगितल्यावर तिला हसू आवरेना. तिच्या घरी पाला सशांना घालतात. पुढच्या मंगळवारी तिने तिच्या बागेतला पाला वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि बेसन कोणत्या दुकानात मिळते, ते चिठ्ठीवर लिहून घेतले.