आमची वाटचाल : कापसाच्या खोलीतली रोपवाटिका

आमच्याकडे टमाट्याला भेदरं म्हणतात. परतवाड्याजवळच्या आमच्या गावात ती कोणाच्याही परसात दिसतात. त्यांची रोपं विकून पोट भरेल, हे घरात कोणालाच पटत नव्हतं. चार एकर कपाशी-तूर सांभाळून मी एक शेडनेट उभं केलं. ९८ खणांचे ट्रे, त्यात भरायला कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि पांढरी माशी अडवायला ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) जाळी, एवढंच भांडवल.

उन्हाळी भेदऱ्यांना इथे दिवस थोडे मिळतात. रात्रीचा पारा १३ अंशांखाली असला की फुलं गळतात, दुपारचा ३५ च्या वर गेला तरी गळतात. म्हणजे फळ धरायला फेब्रुवारी आणि फार तर अर्धा मार्च. त्यासाठी लागवड जानेवारीच्या सुरुवातीला हवी, अन् बी टाकायचं ऐन हिवात.

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा आमचे दीडशे ट्रे जाळीखाली होते. बारा दिवस झाले तरी एक कोंब नाही. बी बोगस म्हणून मी दुकानदाराशी भांडून आलो. घरी येऊन खण उकरला, तर बी फुगून तसंच पडलेलं. २५ ते ३० अंशांत पाच-सहा दिवसांत उगवणारं हे बी १० च्या खाली जवळजवळ हलतच नाही. वरून रोज पाणी घालून ते मीच कुजवत होतो. दुकानदाराकडे परत जायला मला आठवडा लागला.

आई हिवाळ्यात दह्याचं गाडगं कापसाच्या गंजीत खुपसून ठेवते. ती म्हणाली, "हिवात दही लागत नाही, तं बी कसं निंघंल? आत आन सारं."

कापूस विकून खोली रिकामी केली. ट्रे एकावर एक रचले, काळ्या प्लास्टिकनं गुंडाळले, उबेसाठी १०० वॅटचे दोन बल्ब लावले. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ डोकवायचं. पांढरा बाकदार कोंब दिसला की ट्रे त्याच दिवशी उजेडात काढायचा. एक रात्र चुकली तर रोपं दोऱ्यासारखी लांबतात. पाणी सकाळी उशिरा, अन् तेही विहिरीचं ताजं. ते थंडीत कोमट असतं, टाकीतलं बर्फ.

शेतातली थंडी सोसावी म्हणून शेवटचा आठवडा पाणी तोडून रोपं उघड्यावर ठेवतो. ती जरा जांभळट, राकट दिसतात. कास्तकार नाक मुरडतात, "हिरवीगार नाहीत काय?" ट्रेमध्येच फुल आलेलं रोप मात्र मी कोणी मागितलं तरी देत नाही. आता वर चिखलदऱ्याकडूनही गाड्या येतात. तिथली थंडी आमच्यापेक्षा कडक, म्हणून त्यांची रोपं दोन-तीन दिवस जास्त बाहेर ठेवतो.

लाईनचं दुखणं तेवढं राहिलं आहे. रात्री वीज गेली की चुलीवर पाणी उकळायचं अन् दोन पिपे भरून खोलीत ठेवायचे. इन्व्हर्टरसाठी पैसे बाजूला काढले होते, ते यंदा जाळी बदलण्यात गेले.