शब्दाला गिऱ्हाईक

दुपारची वेळ. पणजीतली निम्मी दुकानं शटर ओढून वामकुक्षीला गेलेली, आणि माझा मोबाइल टुणकन वाजतो. आजचा शब्द : ऑब्सिक्विअस. भाचीने परदेशातल्या प्रवेशपरीक्षेसाठी घेतलेलं अ‍ॅप तिने आग्रहाने माझ्याही फोनवर घातलंय. शब्द, अर्थ, उच्चार, वर शाबासकी. वाचला, कळला, संध्याकाळपर्यंत गेला.

अ‍ॅप शब्द देतं, गिऱ्हाईक देत नाही, ही माझी तक्रार. कुणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय शब्द आपला होत नाही.

भाईंना हे पक्कं ठाऊक होतं. भाई म्हणजे आजोबा. फोंड्याच्या घरी दारापुढच्या बाल्कांवातल्या सोप्यावर बसून ते 'नवहिंद टाइम्स'मधले अवघड शब्द हेरायचे, डिक्शनरीत बघून जमाखर्चाच्या वहीत उतरवायचे आणि लगेच बकरा शोधायला लागायचे. पहिला सापडायचा पदेर, म्हणजे पाववाला. ‘युअर पंक्च्युअ‍ॅलिटी इज कमेंडेबल’ ऐकून तो गोंधळायचा आणि दोन उंडे जास्त मोजायचा. पणजीच्या बसमध्ये लोटणाऱ्या कंडक्टरला ‘काइंडली डेसिस्ट’. त्याचं आपलं चालूच, ‘फाटीं वच, फाटीं वच!’ उच्चारांना सगळा लिसेंवातला, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलातला, पोर्तुगीज सूर.

आम्ही मुलं तर घरचीच गिऱ्हाइकं. जेवताना कुणी 'गुड' म्हटलं की भाई मासळीचं ताट स्वतःकडे ओढायचे. याहून बरा शब्द सांगा, मग तुकडी. 'डिलेक्टेबल' म्हणून मी इसवणाची तळलेली तुकडी मिळवलेली आहे. तो शब्द अजून गेलेला नाही.

भाईंना इंग्रजीची भारी हौस, असं घरात सगळेच म्हणायचे. 1961पर्यंत त्यांचं कचेरीतलं काम पोर्तुगीजमध्ये चाले. गोवा मुक्त झाला, फायली इंग्रजीत आल्या, आणि डेप्युटेशनवर आलेला, वयाने बराच लहान साहेब चारचौघांत त्यांच्या टिपणीवर लाल शाई फिरवायला लागला. हे ते कधी बोलले नव्हते. बोलले ते 1983मध्ये, 1900पासून पोर्तुगीजमध्ये निघणारा 'ओ हेराल्डो' इंग्रजी झाला तेव्हा. तेही पेपरवरची नजर न काढता.

“हेराल्डाक बावीस वर्सां मेळ्ळीं. म्हाका स म्हयने.”